अडीच फुटी मार्गावरील वाफेचें इंजिन व त्याची चालती प्रतिकृति

१. विषय व निमित्त

जुन्या कागदाची नक्कल करणारा लेखक मूळ कागदाशीं किती इमानी राहिला, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. यंत्राच्या नकलेविषयीं मात्र तोच प्रश्न क्वचितच विचारला जातो. वाफेच्या इंजिनाची लहान प्रमाणावर प्रतिकृति करावयाची. तिच्या बॉयलरांत खरें पाणी, अग्निपेटींत खरा कोळसा व सिलिंडरांत खरी वाफ असावयाची. आणि ती स्वतःच्या बळानें रुळावरून चालावयाची. अशा कामांत मूळ यंत्राचा प्रत्येक भाग जशाचा तसा लहान करून चालतो काय? चालत नसल्यास अशी प्रतिकृति इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावी? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

निमित्त यवतमाळ जिल्ह्याचें आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील महागांव हें आज तालुक्याचें ठिकाण असलें तरी पूर्वी तें पुसद तालुक्यांत मोडे. आणि पुसद तालुका इ. स. १९०५ मध्यें वऱ्हाडांतील जिल्ह्यांची फेरमांडणी होऊन वाशीम जिल्हा मोडला तेव्हां यवतमाळकडे आला. महागांवास वाफेच्या गाडीचा रूळ कधीं पोंचला नाहीं. यवतमाळास आलेला अडीच फुटी मार्ग तेथेंच संपला, व दक्षिणेकडील गांवांचा व्यवहार बैलगाडीच्या चाकावर चालू राहिला. तथापि ज्या विद्येनें इंजिनाचें चाक घडतें तिचें पहिलें कलम महागांवसारख्या गांवच्या लोहारासही ठाऊक होतें, हें पुढें दाखवूं.

२. मार्ग व त्याचें इंजिन

मूर्तिजापूर हें मुंबई–नागपूर या मोठ्या मार्गावरील स्थानक. तेथून एक शाखा दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत व दुसरी अचलपूरपर्यंत, अशा दोन शाखा विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दोन दशकांत घातल्या गेल्या. पहिलीची लांबी सुमारें ११३ किलोमीटर व दुसरीची सुमारें ७६ किलोमीटर. मार्ग किलिक, निक्सन आणि कंपनीनें उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा. गाड्या चालविण्याचें काम प्रथम जी. आय. पी. रेल्वेकडे व पुढें मध्य रेल्वेकडे. दोन रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरास व तेथून मँचेस्टरास पोंचावा हा मार्गाचा मूळ हेतु होय. लोकांत ही गाडी ‘शकुंतला’ या नांवानें ओळखली गेली.

कापूस मँचेस्टरास नेणाऱ्या मार्गाला इंजिनही मँचेस्टराहूनच आलें. झेड. डी. वर्गाचें हें इंजिन इ. स. १९२१ मध्यें तेथें घडलें, इ. स. १९२३ मध्यें या मार्गावर रुजू झालें, आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं डिझेल इंजिनानें त्याची जागा घेतली. सत्तर वर्षांची ही चाकरी झाली. आज त्या मार्गावर डिझेलची गाडीही धावत नाहीं. इ. स. २०२४ मध्यें वर्धा ते कळंब हा मोठ्या मापाचा मार्ग सुरू होऊन यवतमाळ जिल्ह्यांत नवी रेल्वे आली. जुनीच्या स्मृतीची व्यवस्था मात्र अद्याप व्हावयाची आहे.

महाराष्ट्रांत असे अरुंद मार्ग अन्यत्रही झाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं योजिलेली बार्शी लाइट रेल्वे इ. स. १८९७ मध्यें सुरू झाली. तिचेंही माप २ फूट ६ इंचच होतें. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, या एका नियमावर त्यांनीं इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्व आंखणी केली. नेरळ–माथेरान हा दोन फुटी मार्ग इ. स. १९०७ मध्यें खुला झाला. त्याच्या जर्मन बनावटीच्या इंजिनांस डोंगरांतील अरुंद वळणें घेतां यावीं म्हणून पुढचे व मागचे आंस पोकळ व फिरते केलेले होते. सांगावयाचें तात्पर्य, अरुंद मार्गाचें इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाची धाकटी आवृत्ति नव्हे. त्याची रचना स्वतंत्र विचारानें झालेली असते, व म्हणून तिची स्वतंत्र नोंद राहणें अगत्याचें आहे.

३. लहान यंत्रांची पूर्वपीठिका

लहान यंत्र हें केवळ मुलांच्या करमणुकीचें साधन, असा समज सर्वत्र आहे. इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. इ. स. १७६३ च्या हिंवाळ्यांत ग्लासगो विद्यापीठांतील न्यूकोमेनच्या पंपाची एक लहान प्रतिकृति जेम्स वॉट याजकडे दुरुस्तीस आली. सिलिंडर २ इंच व्यासाचा व दट्ट्याची धाव ६ इंचांची. बॉयलर प्रमाणांत असतांही यंत्र दोनचार फेरे मारून थांबे. वॉटनें कारण शोधिलें. सिलिंडर लहान झाला म्हणजे आंतील जागेच्या मानानें त्याच्या भिंतींचा पृष्ठभाग वाढतो, व थंड भिंतींवर वाफ व्यर्थ निवते. हा दोष मोठ्या यंत्रांतही होता, परंतु तेथें तो झांकून जात असे. लहान यंत्रानें तो उघड केला. यांतूनच इ. स. १७६५ मध्यें वाफ निराळ्या पात्रांत निवविण्याची कल्पना निघाली व इ. स. १७६९ मध्यें तिचें पेटंट झालें. रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाडीचीही कथा अशीच आहे. विल्यम मर्डॉक यानें कॉर्नवॉलमध्यें इ. स. १७८४ मध्यें चालती प्रतिकृति केली. रुळावर गाडी ओढणारें ट्रेव्हिथिकचें इंजिन त्यानंतर वीस वर्षांनीं, इ. स. १८०४ मध्यें चाललें.

आमच्या देशांतही उदाहरणें आहेत. श्रीरामपूरच्या मिशनच्या कागद-गिरणींत इ. स. १८२० मध्यें विलायतेहून वाफेचें इंजिन आलें. तें पाहून टिटागडचा लोहार गोलक चंद्र यानें स्वतःच्या हातानें लहान इंजिन घडविलें, व इ. स. १८२८ मध्यें कलकत्त्याच्या कृषिप्रदर्शनांत त्यास ५० रुपये पारितोषिक मिळालें. मुंबईंत वाडियांच्या जहाज बांधणाऱ्या घराण्यांतील अर्देशर कर्सेटजी यांनीं इ. स. १८३३ मध्यें एक अश्वशक्तीचें इंजिन तयार केलें, वय पंचवीस. इ. स. १८४० मध्यें त्यांच्या विलायतेच्या प्रवासाची दैनंदिनी छापून निघाली, व इ. स. १८४१ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. बोरीबंदर ते ठाणें ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं निघाली. त्यापूर्वी वीस वर्षें मुंबईंत वाफेचें यंत्र हातानें घडविणारा मनुष्य होता, ही गोष्ट रेल्वेचा इतिहास लिहिणारांनीं विसरूं नये.

पुढें कारखाने झाले. जी. आय. पी. रेल्वेचा परळ येथील कारखाना इ. स. १८७९ चा, अजमेर येथें इ. स. १८९५ मध्यें व जमालपूर येथें इ. स. १८९९ मध्यें पूर्ण इंजिनें देशांतच बांधलीं गेलीं. हौशी कारागिरांसाठीं लंडनांत पर्सिव्हल मार्शल यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मॉडेल इंजिनिअर’ हें नियतकालिक काढलें. त्यांत ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या लेखकानें एक वाद उपस्थित केला. त्या काळचीं बहुतेक लहान इंजिनें स्पिरिटच्या दिव्यावर चालत. खऱ्या इंजिनासारखी धूरनळ्यांची रचना ठेवून कोळशावर चालणारें लहान इंजिनच अधिक समर्थ, असें त्याचें म्हणणें. आणि अडीच इंची रुळावरील ‘आयेशा’ नांवाच्या इंजिनानें मोठीं माणसें ओढून इ. स. १९२४ च्या सुमारास त्यानें तें सिद्ध केलें. हा पक्ष विजयी झाला, आणि लहान इंजिन पुनः मूळ इंजिनाच्या जवळ आलें.

४. प्रमाणाचें गणित

आतां शकुंतलेच्या मार्गाचें माप घेऊं. हौशी कारागिरांत पांच इंची, म्हणजे १२७ मिलिमीटरचा रूळ रूढ आहे. ७६२ ला १२७ नें भागिलें असतां बरोबर ६ येतात. म्हणजे पांच इंची रुळावर या मार्गाचें इंजिन करावयाचें तर मूळच्या एका फुटास दोन इंच, असें अगदीं सुटसुटीत प्रमाण पडतें. मोठ्या मापाच्या इंजिनास हा योग नाहीं. तेथें अपूर्णांकांशीं झगडावें लागतें.

परंतु लांबी सहावा हिस्सा झाली म्हणजे सर्वच सहावा हिस्सा होत नाहीं. क्षेत्रफळ छत्तिसावा हिस्सा होतें, आणि घनफळ व वजन दोनशें सोळावा हिस्सा. यांतूनच सर्व अडचणी निघतात. उदाहरणार्थ, मूळ इंजिनाचा चालक चाकांवरील भार २० टन व ओढ ४ टन समजा. प्रतिकृतीचें वजन सुमारें ९३ किलोग्रॅम होईल. ओढ मात्र दट्ट्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यानें, वाफेचा दाब तोच ठेविल्यास, ती सुमारें १११ किलोग्रॅम येईल. म्हणजे इंजिनाची ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक! चाकाची रुळावरील पकड वजनाच्या चौथाईच्या आसपास असते. तेव्हां असें इंजिन जागच्या जागीं चाकें फिरवीत बसेल. म्हणून कारागीर दाब निम्म्याच्या आसपास आणतो, सिलिंडर प्रमाणाहून बारीक करतो, व जेथें दिसणार नाहीं तेथें शिसें घालून वजन वाढवितो. अक्षरशः खरी नक्कल चालत नाहीं. आणि जी चालते ती अक्षरशः खरी नसते.

५. भागशः विचार

चाक. बैलगाडीच्या चाकास मध्यें तुंबा, त्यांतून निघणारे आरे, व बाहेरून लोखंडी धाव. लोहार धाव चाकाहून किंचित् लहान करतो, गोवऱ्यांच्या आगींत ती तापवितो, फुगली म्हणजे चाकावर बसवितो व पाणी घालून निववितो. निवतांना ती चाकास आवळून धरते. इंजिनाच्या चाकाची पोलादी धाव नेमकी याच रीतीनें बसविली जाते. तिचा आंतील व्यास चाकाच्या व्यासाच्या सुमारें हजारांशानें लहान ठेवितात. चाक ९०० मिलिमीटरचें असेल तर ०·९ मिलिमीटर. प्रतिकृतींत चाक १५० मिलिमीटरचें, तर ०·१५ मिलिमीटर. येथें प्रमाण बिघडत नाहीं, कारण धातूचें फुगणें लांबीच्याच प्रमाणांत असतें. कारागिराचा हात मात्र सहापट अचूक लागतो. लोहाराच्या नजरेचें काम येथें सूक्ष्ममापकावर सोपवावें लागतें, एवढाच भेद.

बॉयलर. मूळ बॉयलर पोलादी पत्र्यांचा. पत्रा १२ मिलिमीटरचा असेल तर प्रतिकृतींत २ मिलिमीटर होतो. वर्तुळाकार पात्रावर पडणारा ताण दाब, त्रिज्या व जाडी यांवर ठरतो. त्रिज्या व जाडी दोन्ही सारख्याच घटल्यानें बळाच्या दृष्टीनें हिशेब जुळतो. परंतु गंज प्रमाण ओळखीत नाहीं. बारा मिलिमीटरांतून एक मिलिमीटर गंजून गेला तर इंजिन चालूं शकतें. दोन मिलिमीटरांतून गेला तर निम्मी भिंतच गेली. यामुळें लहान बॉयलर बहुधा तांब्याचा करतात. आमच्याकडे तांब्याच्या पत्र्यास ठोकून आकार देण्याची विद्या तांबटांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुण्याच्या तांबट आळींत घडणारा स्नानाच्या पाण्याचा बंब पाहावा: मध्यें उभी नळी, तींत विस्तव, भोंवतीं पाणी. धूरनळीच्या बॉयलरचें मूलतत्त्व घरोघरीं होतेंच. भेद इतकाच कीं बंब मोकळा असतो, त्यांत दाब सांचत नाहीं, बॉयलरांत सांचतो.

त्या एका भेदानें सांधकामाचा सर्व प्रकार बदलतो. दर चौरस इंचास १०० पौंड दाबाच्या वाफेची उष्णता सुमारें १७० अंश सेंटिग्रेड; कथील व शिसें यांचा साधा डाख १८३ अंशांपासून मऊ पडूं लागतो. मध्यें अंतर इतकें थोडें, कीं पाणी क्षणभर खालीं गेलें तरी सांधा सुटेल. म्हणून सांधे चांदीमिश्र डाखानें भरावे लागतात. त्यास ६०० अंशांहून अधिक आंच लागते. बॉयलर पुरा झाला म्हणजे प्रथम वाफ न भरतां थंड पाणी भरून, चालू दाबाच्या दुप्पट दाबानें त्याची परीक्षा घेतात. पाणी दाबल्यानें आंखडत नाहीं. त्यामुळें सांधा फुटला तरी स्फोट होत नाहीं. इ. स. १९२३ च्या बॉयलर कायद्यांत पांच गॅलनांहून कमी मापाच्या पात्रांस सरकारी तपासणींतून वगळलें होतें. ज्या सालीं आमचें इंजिन मार्गावर आलें त्याच सालचा हा कायदा. मूळ बॉयलरांत २,००० लिटर पाणी राहतें असें धरलें तर प्रतिकृतींत सव्वानऊ लिटर राहील, म्हणजे तो या मर्यादेच्या पुष्कळच खालीं. अशा वेळीं जबाबदारी सर्वस्वीं कारागिराच्या विवेकावर पडते.

धूरनळ्या. मूळांत दोन इंची नळ्या शंभरावर असल्या तर त्यांच्या तंतोतंत नकलेंत तितक्याच नळ्या तिसऱ्या हिश्श्याच्या इंचाच्या होतील. काजळीचा कण मात्र लहान होत नाहीं. अशा नळ्या घटकाभरांत बुजतात. म्हणून संख्या कमी व व्यास अधिक ठेवावा लागतो. नळीच्या आंतील व्यासाचा इंचांतील वर्ग करून त्यास ५० ते ७० नीं गुणावें, म्हणजे तिची योग्य लांबी मिळते, असा अनुभवाचा आडाखा आहे. अर्ध्या इंचाच्या नळीस यावरून साडेबारा ते साडेसतरा इंच लांबी येते.

पाणी दाखविणारी कांच व इंजेक्टर. कांचेची नळी प्रमाणांत बारीक केली तर पाणी तिच्या भिंतींस धरून राहतें, बुडबुडा मध्येंच अडकतो, व बॉयलरांत पाणी नसतांही आहे असें दिसतें. अशी खोटी साक्ष जीवावर बेतणारी होय. म्हणून ही नळी प्रमाण सोडून मोठी ठेवावी लागते, आणि पाहणारास ती डोळ्यांत भरते. हेन्री जिफार्ड यानें इ. स. १८५८ मध्यें शोधिलेला इंजेक्टर हा भाग त्याहून नाजूक. बॉयलरचीच वाफ शंकूंतून वेगानें सोडून तिच्या जोरावर पाणी त्याच बॉयलरांत घालावयाचें. लहान इंजेक्टरांत या शंकूंचीं छिद्रें मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतात. गाळाचा एक कण अडकला तरी काम बंद. येथें लेथपेक्षां हातानें केलेल्या बारीक निमुळत्या रीमरवरच यश अवलंबून असतें.

झडपयोजना. सर्व भागांत मूळाशीं सर्वांत इमानी राहणारा भाग हाच. दट्ट्याच्या कोणत्या स्थितींत वाफ आंत सोडावयाची व कोठें तोडावयाची, हें ठरविणाऱ्या दांड्या व खोबणीचा दुवा यांचा खेळ कोनांचा आहे. आणि कोनास प्रमाण नसतें. स्टीफन्सनच्या नांवाची योजना इ. स. १८४२ ची व वॉलशार्टची इ. स. १८४४ ची. मूळ योजना बिनचूक सहाव्या हिश्श्यानें लहान केली तर वाफ तोडण्याचा बिंदु, धावेच्या शतांशांत मोजल्यास, मूळांतल्याच जागीं राहतो. अर्थात् मोठ्या इंजिनांत दुर्लक्ष करण्याजोगी एक दशांश मिलिमीटरची चूक येथें सहापट होऊन प्रगट होते. परंतु भाग अचूक झाला तर जें छायाचित्र सांगत नाहीं व संग्रहालयांत थंड उभें असलेलें इंजिन सांगत नाहीं, तें ही लहान झडप सांगते: ड्रायव्हरनें दांडा अमुक खांचेंत ठेविला असतां इंजिन कसें वागे, घाटीवर वाफ किती खाई, उलट दिशेनें चालतांना त्याची चाल समान राही कीं नाहीं.

६. नकाशे, सांचे व पाठभेद

सत्तर वर्षें चाललेल्या इंजिनाचा मूळ पाठ कोणता? बॉयलर, धाव, दट्ट्याचीं कडीं, पितळी बेअरिंगें हीं झिजतात व बदलतात. कधीं एका इंजिनाचा भाग दुसऱ्यास जातो. इ. स. १९२१ मध्यें कारखान्यांतून निघालेलें इंजिन व इ. स. १९९४ मध्यें विसावलेलें इंजिन या एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समजाव्या, व मधल्या दुरुस्त्या प्रक्षेप समजाव्या. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनें हस्तलिखितांच्या तुलनेची जी शिस्त घालून दिली, तीच येथें लागू करावी असें आम्हांस वाटतें. कारागिरानें प्रथम ठरवावें कीं आपण कोणत्या सालचें इंजिन करीत आहों. दोन काळांचे भाग एकत्र जुळवूं नयेत.

साधनें मुख्यतः तीन. पहिलें, नकाशे. जुन्या नकाशावर पट्टी ठेवून माप घेऊं नये, आंकडाच वाचावा. कारण कागद व कापड हवेनें आंखडतें व ताणतें. दोन नकाशांत आंकडे निराळे आढळल्यास तारीख व फेरबदलाची खूण पाहावी. निळ्या नकाशांच्या जतनाविषयीं संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. हस्तलिखितांसाठीं आपण अल्कधर्मी पुठ्ठे व वेष्टणें वापरतों. तीं निळ्या नकाशांस अपायकारक आहेत, त्यांनीं निळा रंग उडतो. हे नकाशे साध्या, अल्करहित कागदांत व अंधारांत ठेवावे. उजेडानें फिकटलेला निळा नकाशा अंधारांत ठेविल्यास कांहीं अंशीं पुनः उजळतो. ट्रेसिंग-कापडास खळ असते. त्यास ओल लागूं देऊं नये.

दुसरें साधन ओतकामाचे लांकडी सांचे. ओतलेलें लोखंड निवतांना दर फुटास सुमारें एक अष्टमांश इंच आंखडतें, म्हणून सांचा तितका मोठा केलेला असतो. जुना सांचा मिळाला व त्यावरून मूळ भागाचें माप काढावयाचें असेल तर शेंकडा एक याप्रमाणें वजा करावें. शिवाय लेथवर छिलण्यासाठीं ठेविलेली जाडीही वजा करावी. हें न जाणतां सांच्याचेंच माप भागाचें म्हणून लिहिणें म्हणजे लेखकाचा समासांतील शेरा मूळ संहितेंत घालण्यासारखें होय.

तिसरें साधन प्रत्यक्ष इंजिनें. नागपूरच्या मोतीबागेंत इ. स. २००२ मध्यें अरुंद मार्गांचें संग्रहालय झालें. तेथें बंगाल–नागपूर रेल्वेच्या अडीच फुटी मार्गांचें साहित्य पाहावयास मिळतें, व यवतमाळकरांस तें दूर नाहीं. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं उभें केलेलें लहान रेल्वेचें संग्रहालय विजेवर चालणारें आहे. त्यांत वाहतुकीचें संपूर्ण चित्र दिसतें. वाफेवर चालणारी प्रतिकृति त्याला पूरक होईल. एकांत गाडी कशी धावे तें कळतें, दुसरींत ती कशामुळें धावे तें कळतें.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून आमचें मत असें झालें आहे. चालत्या प्रतिकृतीचे भाग दोन वर्गांत मोडतात. चाकांची मांडणी, झडपयोजना, चौकट व दांड्या हे भाग मूळाचे विश्वासू साक्षीदार होऊं शकतात. बॉयलर, नळ्या, कांच, इंजेक्टर, सिलिंडरचा व्यास व वजन या बाबतींत प्रतिकृतीस मूळ सोडावेंच लागतें. त्यांवरून मूळ इंजिनाविषयीं अनुमान काढणें धोक्याचें आहे. दोष फेरबदलांत नाहीं, ते न नोंदण्यांत आहे. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक फेरफार-पत्रक असावें. मूळ माप, प्रमाणांतील माप, प्रत्यक्ष केलेलें माप व फरकाचें कारण अशा चार रकान्यांत तें मांडावें, व कोणत्या नकाशावरून व कोणत्या सालचें रूप घेतलें तें शिरोभागीं लिहावें. असें पत्रक नसलेली प्रतिकृति कितीही सुबक असली तरी ती शोभेची वस्तु. पत्रक असलेली मात्र संशोधकाच्या कामाची.

काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. ज्यांनीं हें इंजिन चालविलें, ज्यांनीं त्याच्या भट्टींत कोळसा टाकला, ज्यांनीं त्याचीं बेअरिंगें घासून बसविलीं, त्यांतील तरुणांतला तरुणही आज म्हातारा झाला असेल. मूर्तिजापूर, कारंजें, दारव्हा, यवतमाळ व अचलपूर येथील घरांत शेडचीं नोंदवहीं, दुरुस्तीचे तक्ते, निळे नकाशे, पितळी अंकपट्ट्या, लांकडी सांचे असे पदार्थ कोठें पडलेले असण्याचा संभव आहे. रद्दीच्या भावानें कागद जातो, मोडीच्या भावानें पितळ जातें, आणि जळणांत सांचा जातो. आमच्या वाचकांपैकीं जे दप्तरांच्या शोधार्थ वऱ्हाडांत हिंडतात त्यांनीं मोडी रुमालांबरोबर यांचीही चौकशी करावी. मिळालेल्या वस्तूवर ती कोठें, कोणाकडून व केव्हां मिळाली याची चिठी बांधावी. आणि तीवरील आंकडे पुसून वा चकाकी देऊन तिचा पाठ भ्रष्ट करूं नये. महागांवच्या बाजूस लोहारशाळा असतील तर धाव बसविण्याची रीत, तिचीं मापें व तिच्या अवजारांचीं नांवें हींही त्याच वहींत उतरून घ्यावीं. इंजिनाच्या चाकाचा अभ्यास करणारास त्यांचाही उपयोग होईल.